देणगी नको, दर द्या

पश्चिम घाटाच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या पुण्यातल्या संस्था, कंपन्या आणि त्यांचे परदेशी भागीदार यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

माझं माहेर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं, भीमाशंकरच्या डोंगररांगेतलं. नोकरीनिमित्त मी पुण्यात राहते आणि गावाकडच्या बायकांच्या एका गटाचे हिशेब लिहिते. हिरडा आणि बेहडा किती गोळा झाला, किती वाळला, कुणाला कोणत्या दरानं गेला, कुणाची उचल किती फिटली, हे सगळं माझ्या वहीत असतं. त्या वहीच्या आधारानं हे पत्र लिहिते आहे.

तुमच्यातले बरेच जण आमच्या भागात येऊन गेलेत. काही जणांनी झाडं मोजली, काहींनी रोपं दिली, काहींनी बायकांची शिबिरं घेतली. त्या कामाबद्दल मला आदर आहे आणि तुमच्या हेतूबद्दल काडीचीही शंका नाही. मागणी एकच आहे, ती सुरुवातीलाच सांगते. आमच्या डोंगराशी तुमचं नातं देणगीचं आहे, ते खरेदीचं करा. दीर्घ मुदतीचा, जाहीर दराचा करार करा आणि त्या करारावर ग्रामसभेची सही असू द्या. जंगल राखण्याच्या अटी त्याच करारात घाला, आम्ही त्या पाळू.

हे का म्हणते, ते समजायला बाळहिरड्याचा एक हंगाम जवळून बघायला हवा. हा हंगाम उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सुमारास येतो. आठळी धरायच्या आत, फळ कोवळं असतानाच ते पाडावं लागतं. पुरुष झाडावर चढतात, काठीनं फांद्या झोडतात आणि खाली बायका-पोरं वेचतात. झाडावरून पडून कमरेनं अधू झालेली माणसं आमच्या भागात आहेत, आणि काही घरांत तर माणूसच गेला आहे. वेचलेला हिरडा अंगणात, खळ्यावर, घराच्या पत्र्यावर पसरायचा. हिरवं फळ आधी तपकिरी होतं, मग काळं पडतं, सुरकुततं आणि मुठीत घेऊन हलवलं की खडखडतं. तसं वाजलं की माल तयार. तोवर वजन पुष्कळ घटलेलं असतं. मधेच वळवाचा पाऊस आला तर बुरशी धरते आणि दर पडतो. म्हणून आभाळ भरून आलं की हातातलं काम टाकून सगळं घर हिरडा आवरायला धावतं.

नेमक्या त्याच दिवसांत पावसाळ्याची बेगमी करायची असते. तेल-मीठ, मिरची, भाताचं बी, घरावर टाकायचा प्लास्टिकचा कागद, पोरांच्या वह्या. व्यापाऱ्याकडून उचल आधीच घेतलेली असते. म्हणून बराचसा हिरडा वाळायच्या आतच विकला जातो, ओला, समोरचा म्हणेल त्या दरानं, आणि वर कडता, म्हणजे वजनातली घट, कापून. आठवडाभर थांबायची ताकद असलेल्या घराला वाळल्याचा दर मिळतो. ज्याला थांबणं परवडत नाही त्यानं झाडावर चढायचा धोका तेवढाच पत्करलेला असतो, पण हातात पडतं त्यापेक्षा किती तरी कमी. माझ्या वहीत शेजारी शेजारी अशा दोन ओळी असतात. एकाच वाडीतल्या, एकाच डोंगरावरच्या, एकाच दिवशी वेचलेल्या मालाच्या. त्यातल्या दुसऱ्या ओळीतल्या घराचं काय करायचं, हा माझ्या दृष्टीनं संवर्धनाचा पहिला प्रश्न आहे.

कारण झाडाचं भवितव्य त्या घराच्या हातात आहे. दर बरा असेल त्या वर्षी बांधावरच्या हिरड्याला कुणी कुऱ्हाड लावत नाही. दर पडला की तेच झाड खाचरावर सावली धरणारं म्हणून डोळ्यांवर येतं. आधी फांद्या राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, जातात, पुढं कधीतरी खोड सरपणाला जातं. तोडायला परवानगी लागते हे खरं, पण ती कागदावर. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली जाहीर झालं, ते प्रामुख्यानं शेकरूसाठी. आपला राज्यप्राणी. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो, झाडाच्या शेंड्यांवरूनच त्याची ये-जा असते. मधलं एक मोठं झाड गेलं की त्याची वाट तुटते. अभयारण्याचं क्षेत्र सुमारे 130 चौरस किलोमीटर. हद्दीबाहेर मालकीच्या जमिनींवर उभे असलेले हिरडे, बेहडे, जांभळी, आंबे हेही त्याच वाटेचा भाग आहेत. ती झाडं ठेवायची की तोडायची, याचा निर्णय जूनच्या आधी पैशाची गरज असलेलं घर घेतं. तुमच्या अहवालांत नकाशे उत्तम असतात. त्या घराचा हिशेब मात्र मला त्यांत फारसा दिसलेला नाही.

3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ तुम्हाला आठवत असेल. कोकणात झालेलं नुकसान सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच वादळानं जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात हिरड्याची झाडं मोडली, उन्मळून पडली, पाडलेला माल भिजला. आंबा-काजूची नोंद सातबाऱ्यावर बाग म्हणून होते, हिरड्याची होत नाही. हिरडा हे पीक की वनोपज, झाड मालकी जमिनीतलं की वन जमिनीतलं, या चर्चेत वर्षं गेली आणि भरपाईसाठी लोकांना मोर्चे काढावे लागले, उपोषणाला बसावं लागलं. बाजारात हिरड्याला किंमत आहे, कागदावर मात्र त्याला जागा नाही. हिरड्याचं रोप लावलं तर फळ धरायला आठ-दहा वर्षं सहज जातात. मोडलेल्या झाडाची जागा तीन वर्षांच्या प्रकल्पात भरून येत नाही.

परदेशी गिऱ्हाईक आमच्या हिरड्याला नवं नाही. ब्रिटिश अमदानीत कातडी कमावण्यासाठी तो जहाजांनी युरोपात जायचा. तिथल्या बाजारात हिरड्याच्या एका प्रतीला वेंगुर्ल्याच्या बंदरावरून 'विंगोर्ला' असंच म्हणत. खंडोगणती माल गेला, पण झाड राखणाऱ्याचा आणि वेचणाऱ्याचा त्या व्यापारात विचारच नव्हता. म्हणून परदेशाशी नुसता व्यवहार जुळला की सगळं सुरळीत होईल, असं मी म्हणत नाही. व्यवहाराच्या अटी कोण ठरवतं, यावर सगळं अवलंबून आहे.

अटी नीट ठरल्या की काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. मूळचे स्विस असलेले फादर हर्मन बाखर यांनी आयुष्य नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत काढलं. त्यांच्या पुढाकारातून 1989 च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मन सरकारचा, केएफडब्ल्यू आणि जीटीझेड या तिथल्या सरकारी संस्थांमार्फत आलेला, आणि इकडे नाबार्डची साथ. या कार्यक्रमातून 1993 मध्ये सुरू झालेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था आज पुण्यातून काम करते. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती पद्धत. गावानं मागितलं आणि पैसे आले, असं तिथं नव्हतं. गावाला आधी एका छोट्या तुकड्यावर काम करून दाखवावं लागे. श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावानं स्वतः ठरवून पाळायची. ते जमलं तरच पुढचा निधी. आराखडा करताना गट नंबर घेऊन प्रत्येक शेतावर जायचं आणि शेतकरी नवरा-बायको दोघांना बांधावर उभं करून विचारायचं की इथं काय व्हावं. कामाचा आणि पैशाचा कारभार गावाच्या पाणलोट समितीकडे. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत उघड्या डोंगरावर गवत आणि झाडं परत आली, विहिरींना पाणी आलं. बंदी गावाची होती म्हणून ती टिकली. वरून आलेली चराईबंदी कशी मोडली जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

चराईबंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही त्याच कामातून शिकायला मिळालं. ज्याची दोन शेळ्यांवर गुजराण त्याला डोंगर बंद झाला तर पहिली दोन-तीन वर्षं काढायची कशी? त्याच काळात मजुरीची कामं त्याच डोंगरावर निघाली, म्हणून पुष्कळांना ती काढता आली. संवर्धनाची किंमत कुणीतरी आज मोजत असतं आणि फायदा उद्या दुसऱ्याला मिळतो. भागीदारीचा पैसा नेमका त्या मधल्या काळासाठी लागतो.

दुसरं उदाहरण बेहड्याचं, आणि ते तर पुण्यातच सुरू झालं. अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही पुण्याची संस्था रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर भागात अनेक वर्षं काम करते आहे. तिकडं बहुतेक जंगल खासगी मालकीचं, आणि जळाऊ लाकूड म्हणून तोडीला जाणारं. बेहड्याची जुनी, थोराड झाडं त्यात जायची. या झाडांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. मादी ढोलीत जाऊन बसते, ढोलीचं तोंड लिंपलं जातं, एक फट तेवढी उरते, आणि नर त्या फटीतून तिला आणि पिलाला फळं भरवत राहतो. अशी ढोली तरण्या झाडाला नसते, तिला कैक दशकं वाढलेलं खोड लागतं. संस्थेनं तिथल्या बेहड्याला फेअरवाइल्ड या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र मिळवून दिलं आणि ब्रिटनमधली पक्का हर्ब्ज ही औषधी चहा विकणारी कंपनी गिऱ्हाईक झाली. हे मानक सांभाळणारी संस्था 2008 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झाली. फळ किती काढायचं आणि किती झाडाला ठेवायचं, झाडाला इजा न करता ते कसं गोळा करायचं, वेचणाऱ्याला दर काय मिळाला, वर गावासाठी किती रक्कम बाजूला पडली, हे सगळं त्यात तपासलं जातं. उभ्या बेहड्याला दरवर्षी पैसे मिळायला लागले आणि तो तोडण्याचं कारण उरलं नाही. धनेशासाठी वेगळा प्रकल्प काढावा लागला नाही.

मला हवं आहे ते असं. याचा विस्तार हवा, मुदत लांब हवी आणि गावाचं स्थान पक्कं हवं.

आता देणगीपेक्षा खरेदी का, ते सांगते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली. एका नोंदणीकृत संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. म्हणजे पुण्यातल्या मोठ्या संस्थेकडे परदेशातून पैसे आले तरी आमच्या वाडीतल्या गटाला ते पुढं देता येत नाहीत. गट लहान, त्याची वेगळी नोंदणी नाही, होण्यासारखी परिस्थितीही नाही. त्यामुळे पैसे पुण्यात खर्च होतात आणि गावात त्याचं शिबिर पोचतं. यात संस्थांचा दोष नाही, त्यांचे हात कायद्यानं बांधलेले आहेत. पण मालाची किंमत ही देणगी नसते. नेहमीच्या व्यापारात विकलेल्या मालाचे पैसे त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. आम्ही उत्पादक कंपनी काढली आणि बर्लिनच्या किंवा लंडनच्या खरेदीदारानं तिच्याकडून वाळलेला बेहडा घेतला तर पैसे सरळ तिच्या खात्यात येतील आणि तिथून वेचणाऱ्या बाईच्या. दहा उत्पादक एकत्र आले की उत्पादक कंपनी काढता येते, कायद्यात ती सोय 2002 पासून आहे. तुमचं ज्ञान, तुमच्या ओळखी, तुमची प्रयोगशाळा आम्हाला त्यासाठी हवी आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती मानाची आहे. देणगी घेणाऱ्याला लाभार्थी म्हणतात. विकणाऱ्याला आपला दर सांगता येतो, न पटल्यास नाही म्हणता येतं. आमच्या आया-बहिणींनी पिढ्यान् पिढ्या ही झाडं राखली. त्यांना लाभार्थ्यांच्या यादीत अंगठा करायला लावू नका, त्यांच्याकडून माल घ्या आणि पावती द्या.

जैवविविधता कायदा 2002 सालचा. गावागावांत जैवविविधता व्यवस्थापन समित्या झाल्या, लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या. बऱ्याच नोंदवह्या 2020 च्या जानेवारीची मुदत गाठायची म्हणून घाईघाईनं भरल्या गेल्या आणि कपाटात गेल्या. पारंपरिक ज्ञानाच्या व्यापारी वापरातून गावाला वाटा मिळावा, ही त्या कायद्यातली तरतूद मला फार आशेची वाटत होती. पण 2023 च्या दुरुस्तीनं ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाला सूट मिळाली, आणि हिरडा-बेहड्याचा त्रिफळा तर आयुर्वेदाच्या जुन्यातल्या जुन्या ग्रंथांत आहे. त्या दारातून आमच्या हाती फार काही लागेल असं आता वाटत नाही. राहतो तो मालाचा दर. तो नीट मिळाला तर वाट्यासाठी हात पसरायची गरज पडणार नाही.

ग्रामसभेच्या सहीबद्दल मी इतकी आग्रही का, त्याला कारण घडलेलं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वाडीत एका कंपनीचा प्रतिनिधी आला. झाडं फुकट देऊ, सांभाळली की दरवर्षी पैसे मिळतील, परदेशात कार्बनला मोठी मागणी आहे, असं त्यानं सांगितलं. करार इंग्रजीत होता आणि सह्या घरोघरी जाऊन घेतल्या होत्या. मी तो सुट्टीत गेले तेव्हा वाचला. मुदत तीस वर्षांची. झाडांत साठणाऱ्या कार्बनवरचा सगळा हक्क कंपनीचा. झाड मेलं, वणवा लागला तर जबाबदारी शेतकऱ्याची. दरवर्षी नेमके किती पैसे, त्याचा आकडा कुठंच नव्हता. पहिल्या वर्षी रोपं आली, दुसऱ्या वर्षी कुणी फिरकलं नाही, फोनही बंद. ज्यांनी सह्या केल्या ते आजही विचारतात, आता आमची जमीन अडकली का? त्यांना ठाम उत्तर द्यायला माझ्याकडे काही नाही. कंपनीही बंद झाल्यासारखी आणि करार मात्र कपाटात जिवंत. एक सांगते, हाच कागद ग्रामसभेत मोठ्यानं मराठीत वाचला गेला असता तर अर्ध्या तासात कुणीतरी म्हातारीनं विचारलं असतं, "वणवा लागला तर आम्ही भरायचं, मग तुम्ही काय करणार?" 2023 च्या जानेवारीत युरोपातल्या वृत्तपत्रांनी जंगलांच्या कार्बन क्रेडिटवर, म्हणजे झाडं राखून कार्बन हवेत जाऊ दिला नाही म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांवर, मोठी शोधपत्रकारिता केली आणि त्यांतल्या पुष्कळ क्रेडिटमागं प्रत्यक्षात कार्बनची फारशी बचतच नाही, असं मांडलं. जगभरात त्यावर वाद झाला. आमच्या वाडीतल्यांना तो वाद कुणी सांगितला नव्हता.

कायदा ग्रामसभेच्या बाजूनं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतिजन्य मालावर, मालकी गोळा करणाऱ्यांची मानली आणि जंगल राखण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला. आमच्या पट्ट्यातली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथं पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, हाही लागू आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर त्या गावानं बांबू स्वतः विकला, ठेकेदाराची वाट पाहिली नाही आणि जंगलही संपवलं नाही. ग्रामसभेला व्यवहार जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी तिथं जाऊन यावं.

माझ्या मागणीवर एक आक्षेप रास्त आहे, तो तुमच्यातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मंडळींनी माझ्याजवळ काढलाही आहे. दर वाढला तर लोक झाड ओरबाडतील. बाळहिरडा तर कोवळाच पाडला जातो, त्यातून बी तयारच होत नाही. दरवर्षी सगळ्या झाडांचा सगळा हिरडा असा उतरवला तर नवी झाडं येणार कुठून? हा धोका खरा आहे. आमच्या भागात तरणी हिरड्याची झाडं कमी दिसतात, हे मीही पाहिलं आहे. पण याचं उत्तर दर कमी ठेवणं असू शकत नाही. दर कमी असतो तेव्हा माणूस जास्त ओरबाडतो, कारण तेवढ्याच पैशासाठी जास्त माल लागतो. करारातच घाला की प्रत्येक डोंगरावरची काही झाडं पिकण्यासाठी सोडायची, ती झाडं ग्रामसभेनं खुणा करून ठरवायची, फांद्या तोडून हिरडा पाडलेला दिसला तर त्या वाडीचा माल त्या वर्षी घ्यायचा नाही. पिकलेल्या हिरड्यालाही दर ठेवा, म्हणजे सोडलेलं झाड वाया गेलं असं कुणाला वाटणार नाही. आमच्याकडे देवराया आहेत. आहुप्याची देवराई पाहायला तुमच्यातले किती तरी जण आलेले आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पुण्याच्या आसपासच्या देवरायांवर अभ्यास केला, तो जगभर वाचला गेला. फांदीलाही हात लावायचा नाही, हा नियम पाळणारी माणसं आणि हिरडा झोडणारी माणसं एकाच वाडीतली आहेत. नियम स्वतःचा असला की पाळला जातो.

माळीणचा उल्लेख केल्याशिवाय आमच्या तालुक्यातल्या डोंगराबद्दल लिहिता येत नाही. 30 जुलै 2014 च्या पहाटे डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसं गेली. त्यानंतर कारणांची चर्चा झाली, त्यात यंत्रांनी उतार कापून केलेल्या सपाटीकरणाचाही उल्लेख आला. पडकई ही आमची जुनी रीत: उतारावर दगडी बांध घालून खाचरं करायची, एकमेकांच्या शेतावर सगळ्यांनी राबायचं. हातानं होणारं काम आणि यंत्रानं होणारं काम यांत डोंगराच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. उताराची झाडं उभी राहणं हा आमच्यासाठी पक्षीनिरीक्षणाचा विषय नाही. पावसाळ्यात रात्री झोप लागण्याशी त्याचा संबंध आहे. आम्हाला संवर्धनाचं महत्त्व पटवून देण्यात तुमचा वेळ जाऊ नये, म्हणून हे लिहिलं.

पुण्यातल्या कंपन्यांशी थोडं बोलायचं आहे. कंपनी कायदा 2013 प्रमाणे तुम्ही नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला देता. त्यातून वृक्षारोपणं होतात, फोटो निघतात, आणि उन्हाळ्यात त्यातली पुष्कळ रोपं मरतात, कारण पाणी घालायला कुणी नसतं. त्यापेक्षा तो पैसा वाळवणीच्या ओट्यांना, साठवणीच्या गोदामाला, प्रमाणपत्राच्या तपासणीच्या खर्चाला आणि हंगामाआधीच्या उचलीला द्या. विशेषतः उचलीला. मे महिन्यात घराला लागणारी रक्कम बिनव्याजी मिळाली, तर ओला माल विकावा लागणार नाही. माझ्या वहीतली ती दुसरी ओळ पहिलीसारखी होईल. औषधं, चहा, सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपन्यांनी तर एक पाऊल पुढं यावं आणि माल घ्यावा.

परदेशी भागीदारांना माझी विनंती वेळेबद्दल आहे. तीन वर्षांत प्रकल्प संपवू नका. दहा वर्षांचा खरेदीचा शब्द द्या आणि कमीत कमी दर आधी जाहीर करा. प्रमाणपत्राचा खर्च गावावर टाकू नका, तो लहान गटाला झेपत नाही. बाजार पडला, तुमच्या देशात चहाची फॅशन बदलली, तर किती महिने आधी कळवाल, तेही लिहा. 2022 च्या डिसेंबरात माँट्रियलला जगातल्या देशांनी 2030 पर्यंत 30 टक्के जमीन आणि समुद्र राखण्याचं ठरवलं, आणि स्थानिक समुदायांचे हक्क मानूनच ते करायचं असंही त्याच मजकुरात लिहिलं. त्या मजकुराला धरून वागायचं तर सुरुवात ग्रामसभेपासून होते.

संस्थांना सांगणं एवढंच की मधे राहा, पण मालक होऊ नका. मोजणी शिकवा, बुरशी कशी टाळायची ते शिकवा, परदेशी भाषेतला पत्रव्यवहार सांभाळा, काटा तपासा. पाच वर्षांनी ते काम आमच्या पोरी करतील अशा बेतानं शिकवा. आमच्या भागातल्या बारावी झालेल्या, हिशेब येणाऱ्या मुली आज नारायणगावच्या बाजारात मजुरीसाठी उभ्या राहतात.

माझी सूचना अगदी जवळच्या तारखेची आहे. येत्या बाळहिरड्याच्या हंगामाआधी, होळीच्या सुमारास, आमच्या भागातली पुष्कळ माणसं गावात असतात. त्या आठवड्यात ग्रामसभा बोलावता येते. कराराचा कच्चा मसुदा मराठीत घेऊन या, दर कोरा ठेवा, मुदत कोरी ठेवा, सोडायच्या झाडांची संख्याही कोरी ठेवा. ते तिथं ठरेल. एखाद्या वाडीपासून सुरुवात झाली तरी चालेल, नगरमध्येही छोट्या तुकड्यापासूनच झाली होती. यायचं ठरलं तर गटाची वही मी बरोबर आणीन. गेल्या काही हंगामांचे आकडे, घराघरांचे, त्यात आहेत. घरांच्या संमतीनं ते तुम्हाला बघता येतील आणि दर कुठून धरायचा ते कळेल.

आपली नम्र,
आंबेगावची एक लेक, सध्या मुक्काम पुणे